बाराशे रुपयांचे नाव

महाराष्ट्रातल्या कोणत्याही खाजगी कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आला की एक स्मरणिका निघते आणि त्या स्मरणिकेत एक इवलेसे रोपटे असते. तिसऱ्या पानावर ते लावले जाते, पाचव्या पानावर संस्थापक त्याला घामाचे पाणी घालतात आणि सातव्या पानावर, प्राचार्यांच्या मनोगताच्या अगदी अलीकडे, त्याचा वटवृक्ष झालेला असतो. मधल्या काळात खत कुणी आणले, रोखीने की उधारीने, आणि कुंपणावरून कोणाचे कोणाशी बोलणे बंद झाले, याबद्दल स्मरणिका चकार शब्द काढत नाही. ध्येयवाद, त्याग आणि ज्ञानयज्ञ या तीन शब्दांत पन्नास वर्षे उरकतात. त्यानंतर थेट सहकारी बँकेची जाहिरात. माझे म्हणणे असे, की खाजगी कॉलेज ध्येयवादावर सुरू होत असेलही, पण ते टिकते पैशाच्या चणचणीवर आणि त्या चणचणीतून उपजलेल्या भांडणांवर. हे कुचेष्टेने म्हटलेले नाही. कॉलेजचे याहून मोठे कौतुक मला तरी सुचत नाही. पुराव्यासाठी एखाद्या तालुक्याच्या गावच्या कॉलेजला वेठीला धरण्याचे कारण नाही. सरळ फर्ग्युसनच घेऊ. आज त्याचा पसारा अवाढव्य आहे, पण २ जानेवारी १८८५ रोजी सुरू झाले तेव्हा ते पेठेतल्या वाड्यात भरणारे, पाच वर्षांच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या पोटातून निघालेले आणि बहुतेक तिशीही न गाठलेल्या मूठभर मास्तरांनी चालवलेले एक लहानसे कॉलेज होते.

सुरुवात नावापासून करू, कारण खाजगी कॉलेजात सर्वांत आधी खर्ची पडते ते नाव. या कॉलेजला मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव मिळाले आणि त्यांची देणगी होती बाराशे रुपये. त्या काळी ही रक्कम काही वाईट नव्हती. कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या एका प्राध्यापकाचा तो सोळा महिन्यांचा पगार झाला. पण आजपर्यंतचा हिशेब मांडला तर नावाचे भाडे वर्षाला नऊ रुपयांच्या आत पडते, आणि एवढ्या भाड्यात पुण्यात सायकलही कोणी लावू देत नाही. पुढे मंडळी शहाणी झाली. १९१६ साली निघालेल्या न्यू पूना कॉलेजला १९२० च्या दशकात जमखंडीच्या पटवर्धन संस्थानिकांकडून दोन लाख मिळाले आणि त्याचे सर परशुरामभाऊ कॉलेज झाले. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या आईच्या नावासाठी पंधरा लाख दिले. म्हणजे पस्तीस वर्षांत नावाचा भाव साडेबाराशे पटींनी वाढला. इतक्या वेगाने तर सोनेही चढले नाही. फर्ग्युसनसाहेबांनी घाई केली आणि स्वस्तात सुटले.

यावर आक्षेप येईल, की नाव पैशासाठी दिले नव्हते, संरक्षणासाठी दिले होते. आक्षेप रास्त आहे. कॉलेजच्या मास्तरांपैकी टिळक आणि आगरकर हे दोघे १८८२ साली, कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आलेले होते. तुरुंगातून आलेल्या मास्तरांच्या हाती आपला मुलगा सोपवताना १८८५ सालच्या पालकाला दहादा विचार करावासा वाटला असेल तर त्याला दोष देता येणार नाही. पाटीवर खुद्द गव्हर्नरचे नाव असले की पालकही निर्धास्त आणि पोलीसही. शिवाय उद्घाटनाला एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल विल्यम वर्ड्‌स्वर्थ, म्हणजे त्या कवी वर्ड्‌स्वर्थचे नातू, आणले होते. पाटीवर लाटसाहेब, व्यासपीठावर कवीचा नातू आणि आत गणित शिकवायला टिळक, अशी ही मांडणी. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. ज्याच्याजवळ पैसा असतो तो मोठा वकील ठेवतो. ज्याच्याजवळ नसतो तो गव्हर्नरचे नाव ठेवतो. युक्ती इतकी लागू पडली, की याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली सांगलीला दुसरे कॉलेज काढले तेव्हा पाटीसाठी पुन्हा एक गव्हर्नरच शोधला आणि त्याचे विलिंग्डन कॉलेज झाले.

आता पगार. सोसायटीच्या आजीव सदस्यांनी ठरवले होते, की वीस वर्षे संस्थेला द्यायची आणि महिना पंचाहत्तर रुपयांवर राहायचे. सरकारी नोकरीत याच माणसांना याच्या कितीतरी पट मिळाले असते. आपल्याकडे या आकड्याकडे भक्तिभावाने पाहण्याची रीत आहे, पण थोडे व्यवहाराने पाहिले तर दिसते, की कॉलेजचे गाजलेले गुण या आकड्यातूनच आले. पैसे नाहीत म्हणून विषयाला एक प्राध्यापक परवडत नाही. म्हणून आहे त्या प्राध्यापकाने पडेल तो विषय शिकवायचा. गोपाळ कृष्ण गोखले इंग्रजी शिकवत. पुढे गणित आले, मग इतिहास आणि अर्थशास्त्र. मागाल तो विषय शिकवणारे प्राध्यापक अशी त्यांची थट्टा होई. एका विषयावर पोट भरले असते तर गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक निघाले नसते, आणि आकड्यांशी इतकी घसट झाली नसती तर पुढे कलकत्त्याच्या कौन्सिलात सरकारी अंदाजपत्रकाची त्यांनी जी चिरफाड केली तीही कदाचित झाली नसती. ब्रिटिश सरकारला गोखल्यांच्या भाषणांचा जो त्रास झाला त्याचे मूळ असे एका कॉलेजच्या अपुऱ्या शिक्षकसंख्येत आहे.

पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांनी प्राचार्यपद, वर्ग आणि शाळा सांभाळून संस्कृत-इंग्रजी कोश रचला, जो अजून संस्कृतच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो. १८९२ साली ते चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या जागी आलेले आगरकर १८९५ साली, तेही चाळिशीच्या आत. ओळीने दोन प्राचार्य असे गमावलेल्या संस्थेची चणचण ही केवळ थट्टेची गोष्ट नव्हती, हे इथे नोंदवले पाहिजे. तरीही या जागेसाठी माणसे येत राहिली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, देशभर जयजयकार झाला, आणि मग हा मनुष्य दिलेल्या शब्दाप्रमाणे पुण्याला परत येऊन, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, १९०२ मध्ये या कॉलेजचा प्राचार्य झाला. आज परदेशी पदवी घेऊन आलेला तरुण आधी ‘पॅकेज’ विचारतो. परांजप्यांना विचारण्याची गरज पडली नाही. आकडा सगळ्या पुण्याला पाठ होता.

इथे ध्येयवादी वाचक म्हणेल, की तुम्ही ज्याला चणचण म्हणता त्यालाच आम्ही त्याग म्हणतो. भांडण नुसते शब्दांचे आहे. तसे नाही. त्यागाने माणसे गप्प राहतात, चणचणीत ती बोलू लागतात, आणि सोसायटीतली माणसे फार बोलत होती. टिळकांच्या मनात जेझुइट पाद्र्यांचा आदर्श होता: एकदा संस्थेला वाहून घेतले की बाहेरची कमाई नाही, बाहेरचा व्याप नाही, सगळे लक्ष एका ठिकाणी. इतरांचे म्हणणे, की पंचाहत्तर रुपयांत संसार भागत नाही, तेव्हा रिकाम्या वेळात कोणी पुस्तक लिहिले किंवा दुसरे काम केले तर कोणाचे काय बिघडले? होळकर महाराजांची एक देणगी आली तर ती व्यक्तीची की संस्थेची, यावरून वाद झाला. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, त्यावरून वाद झाला. शेवटी १८९० साली टिळकांनी एक लांबलचक, मुद्देसूद आणि झोंबणारे पत्र लिहून राजीनामा दिला. आपली शालेय पुस्तके सांगतात, की टिळक-आगरकरांचे भांडण ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ यावरून झाले. ते खरेच, पण ते भांडण मुख्यतः ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्या रकान्यांत चालले होते. संस्थेच्या बैठकीत विषय असायचा वरकमाईचा. स्वराज्याबद्दल मतभेद असलेली माणसे एका छताखाली वर्षानुवर्षे शिकवू शकतात. वरकमाईबद्दल मतभेद झाले की कोणीतरी एक छत्री घेऊन बाहेर पडतो.

भांडणाने संस्थेचे नुकसान झाले, असा दुसरा आक्षेप. झालेच असणार, टिळकांसारखा गणिताचा आणि संस्कृतचा शिक्षक गेला, हे काही किरकोळ नुकसान नव्हे. पण ताळेबंदाची दुसरी बाजूही वाचावी. टिळकांची जागा रिकामी झाली म्हणून १८९१ साली मुंबईहून धोंडो केशव कर्वे गणित शिकवायला आले. दोन वर्षांनी त्यांनी पुनर्विवाह केला, गावाने वाळीत टाकले, कॉलेजने मात्र टाकले नाही. भांडणाने गणिताची एक खुर्ची रिकामी झाली आणि त्यातून बाहेरच्या बाजूला लोकमान्य मिळाले, आतल्या बाजूला महर्षी. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, ज्याच्या नावाचे पंधरा लाख आपण वर मोजून आलो. गोखले आपली वर्षे भरून बाहेर पडले आणि १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज काढला, तोही कॉलेजमागच्या टेकडीवर, आणि तिथेही सदस्यांना वेतन बेताचेच. चणचणीची सवय लागलेला माणूस दुसरी संस्था काढतो तेव्हा ती सवय बरोबर नेतो. पुण्यात संस्था उद्घाटनाने जन्मतात असे छापील निमंत्रणांवरून वाटते. त्या जन्मतात राजीनाम्याने आणि निवृत्तीने.

विद्यार्थ्यांचे भांडण थोडे वेगळ्या जातीचे, पण हिशेब तोच. १९०५ साली वंगभंगाच्या वेळी विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याने पुढाकार घेऊन पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केली. प्राचार्य परांजप्यांनी त्यांना वसतिगृहातून काढले आणि दहा रुपये दंड केला. वीस वर्षांपूर्वी गव्हर्नरच्या बाराशे रुपयांनी बांधलेले संरक्षण टिकवायचे म्हटले की असे दहा-दहा रुपये वसूल करावे लागतात. त्यावर टिळकांनी केसरीत अग्रलेख लिहिला, त्याचा मथळा ‘हे आमचे गुरूच नव्हेत’. पंधरा वर्षांपूर्वी राजीनामा दिलेल्या संस्थेला एवढ्या आपुलकीने झोडपणारा माजी प्राध्यापक आज कुठे मिळतो? आणि याचा शेवट असा, की ज्या वसतिगृहातून सावरकरांना काढले त्याच वसतिगृहातली त्यांची खोली कॉलेजने आज जपून ठेवली आहे. कोणी याला विसंगती म्हणेल. मला तो काटकसरीचा नमुना वाटतो: एकाच विद्यार्थ्याकडून संस्थेने आधी शिस्त मिळवली, मग इतिहास.

चणचण नसती तर काय झाले असते, याचे उत्तर शोधायला लांब जायला नको; येरवड्यापर्यंत गेले की पुरे. टिळक आणि आगरकर ज्या डेक्कन कॉलेजात शिकले, जिथे या सगळ्या बेताची बोलणी सुरू झाली, ते सरकारी कॉलेज. देखणी इमारत, शेजारी नदी, पाठीशी मुंबई सरकारचा खजिना. १९३४ साली सरकारने ते बंद केले. पाच वर्षांनी ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले आणि तिथे फार मोलाचे काम झाले, ही गोष्ट वेगळी. कॉलेज म्हणून ते संपले. ज्याला एकच देणारा असतो त्याचे एकाच सहीने भागते आणि एकाच सहीने संपते. वाड्यात सुरू झालेल्या कॉलेजला मात्र बंद कोण करणार? त्याचे देणगीदार इतके आणि इतक्या लहान रकमांचे, की सगळ्यांना एकाच वेळी राग येणे अशक्य. कोणी म्हणेल, मुंबईतली मिशनरी कॉलेजे, विल्सन किंवा सेंट झेवियर्स, पैसा असूनही टिकलीच की. टिकली. पण तिथे शिकवणारे पाद्री स्वतःसाठी काय घेत होते ते पाहावे. टिळकांनी जेझुइटांचे नाव उगीच घेतले नव्हते.

कॅम्पसवरच्या जगण्यालाही हाच नियम लागू आहे. कॉलेज १८९५ साली गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी आले, कारण पेठेत एवढी जागा कुणाच्या खिशाला झेपणार? त्या टेकडीने गेली शंभरांवर वर्षे जे काम केले ते कोणत्याही समुपदेशन केंद्राला जमलेले नाही: प्रेमभंग, परीक्षेची भीती, क्रांतीचे बेत आणि सकाळचा व्यायाम, सगळे एकाच चढावर आणि फुकट. कॉलेजचे कँटीन नेहमीच तक्रारीस पात्र असते. म्हणून तर गुडलक आणि वैशाली यांच्यासारखी हॉटेले रस्त्यावर चालली. एका चहावर दोन तास बसणाऱ्या गिऱ्हाइकाला उठवायचे नाही, हे धोरण ज्याने ठरवले त्याने या शहराच्या विचारविश्वासाठी कितीएक ग्रंथालयांइतके काम केले आहे. आणि नाटक! १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा भरवते, तीही भरत नाट्य मंदिरात, जिथे ‘अरे आवाज कुणाचा’ या प्रश्नाला मिळालेले उत्तर बाहेर सदाशिव पेठेत ऐकू जाते. त्या एकांकिकांचा नेपथ्यखर्च पाहिला तर कॉलेजने दिलेली रक्कम आणि लागलेली रक्कम यांत जो फरक असतो तो कुणाच्या तरी घरचा सोफा, कुणाच्या आजीची नऊवारी आणि कुणाच्या काकांचा टेम्पो मिळून भरून काढतात. भरपूर निधी मिळाला असता तर आजीची नऊवारी रंगमंचावर आली नसती, आणि दिग्दर्शक व नेपथ्यकार यांच्यात त्या सोफ्यावरून आयुष्यभर पुरणारे भांडणही झाले नसते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तुम्ही गरिबीचे गोडवे गाता. मग प्राध्यापकांना पुन्हा पंचाहत्तर रुपयांवर आणायचे का? मुळीच नाही. उलट, तसे आणलेच आहे, आणि त्यातून टिळक-गोखले निपजताना दिसत नाहीत, ही माझ्या सिद्धांतापुढची खरी अडचण आहे. आज खाजगी कॉलेजचे दोन प्रकार. एक अनुदानित: इमारत संस्थेची, पगार सरकारचा, नाव देणगीदाराचे आणि श्रेय अध्यक्षांचे. दुसरे विनाअनुदानित: १९८३ साली महाराष्ट्र सरकारने अशा इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली आणि ‘शिक्षणमहर्षी’ या पदवीचा पुरवठा मागणीपेक्षा वाढला. पहिल्या प्रकारात रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, त्या तासिका तत्त्वावर चालवतात. नेट-सेट झालेला, पीएचडी केलेला मनुष्य तासाच्या हिशेबाने शिकवतो, सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, आणि मधल्या वेळात एसटीत. चणचण आहे, भरपूर आहे. मग भांडण कुठे गेले?

उत्तर पंचाहत्तर रुपयांत नाही, ते कोण ठरवत होते यात आहे. आजीव सदस्य पगार घेत होते आणि तेच मालकही होते. ज्या मंडळाने पगार ठरवला त्या मंडळात पगार घेणारेच बसत. त्यामुळे आगरकर किंवा गोखले तक्रार करत तेव्हा ती मालकाची मालकाशी तक्रार असे, आणि टिळक राजीनामा देत तेव्हा तो स्वतःच्या घरातून उठून जाणे असे. चणचण वाटून घेतली होती म्हणून भांडण बरोबरीचे होते. आज चणचण एका बाजूला आणि मालकी दुसऱ्या बाजूला गेली आहे. विद्यार्थ्यांचेही तेच. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या निवडणुका थांबवून गुणांवर प्रतिनिधी नेमायला सुरुवात केली. निवडणुकांत गुंडगिरी होती, मारामाऱ्या होत्या, हे खरे, आणि त्या थांबाव्यात असे वाटणाऱ्या पालकांना नावे ठेवता येणार नाहीत. पण त्याबरोबर ज्याला भांडता येते अशा विद्यार्थ्याऐवजी ज्याला ब्याण्णव टक्के मिळाले आहेत तो प्रतिनिधी झाला, आणि तो बिचारा भांडण्याच्या वेळी अभ्यास करत असे.

या शांततेला आता गुणही मिळतात. मूल्यांकनासाठी नॅकची समिती येणार म्हटले की भिंती रंगतात, नर्सरीतून कुंड्या येतात, एरवी कुलूप असलेल्या प्रयोगशाळेला वास मारू नये म्हणून खिडक्या उघडतात, आणि प्रत्येक विभागाच्या फायली सात निकषांप्रमाणे लावल्या जातात. त्या सात निकषांत अध्यापन आहे, संशोधन आहे, प्रशासन आहे. शिक्षकांनी व्यवस्थापनाला शेवटचे कधी सुनावले, याला एकही गुण नाही. १८९० सालच्या सोसायटीकडे ही समिती गेली असती तर तिला एक प्राध्यापक राजीनामा लिहिताना, दुसरा भलताच विषय शिकवताना, आणि चिटणीस वर्गणी मागायला बाहेर गेलेले आढळले असते. श्रेणी काय मिळाली असती ते वाचकांनीच ठरवावे. आणि टिळकांचे ते राजीनामापत्र ज्यांना फार लांबलचक वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की तासिका तत्त्वावरच्या माणसावर राजीनामा लिहायची वेळही सहसा येत नाही. सत्र संपले की त्याची नेमणूक आपोआप संपते.